आबा एकपासून मोजत नाहीत

दोन वर्षांपूर्वी एका मुलाच्या निबंधावर मी डोळे मिटून सही केली. जिल्ह्याची स्पर्धा होती, पोराला बक्षीसही लागलं. मग एक दिवस मला पुण्याला बोलावून घेतलं आणि एका गृहस्थांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. तोच निबंध, शब्द न् शब्द, भलत्याच कुणाचा. ते गृहस्थ ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी मला चहा पाजला. तो चहा आठवला की अजून माझे कान तापतात, आणि तेव्हापासून मी सगळ्यांवरच संशय घेते. भाजीवालीवरसुद्धा.

मी इंग्रजी शिकवते. कापूरहोळला टायरच्या दुकानावरच्या खोलीत राहते आणि रोज स्कूटीवर वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या आमच्या हायस्कूलला येते. माझं नाव वर्षाराणी. असलं नाव घेऊन दहावीच्या वर्गाला शिस्त लावायची म्हणजे काय ते मलाच ठाऊक.

तर यंदा पुण्यातल्या एका संस्थेचं पत्र आलं. खेड्यातल्या मुलींना अकरावी-बारावीला ते ठेवून घेतात. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं त्यांचं. मुलीनं इंग्रजीत निबंध लिहायचा आणि खाली इंग्रजीच्या शिक्षकानं सही करायची, की हे लेखन विद्यार्थिनीचं स्वतःचं आहे आणि मी त्याची खात्री करून घेतली आहे. प्रत्येक शाळेला दोन मुली पाठवता येणार होत्या. शनिवारी दुपारपर्यंत सगळे कागद ऑनलाइन चढवायचे होते.

शेफालीचा निबंध सोमवारीच आला. तिचे वडील मार्गासनीत खताचं दुकान चालवतात, तिला भोरला शिकवणी आहे. तिनं तिच्या आईवर लिहिलं होतं. दुसरा निबंध आला प्रांजलचा, आणि पहिल्याच ओळीला माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

प्रांजल वरच्या धनगरवस्तीवरची. रोज पाऊण तास डोंगर उतरून येते. वर्गात मागं बसते, विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, मार्क बेताचे. दहावी झाली की तिनं घरच्या शेळ्यांमागं जायचं आणि पुढच्या वर्षा-दोन वर्षांत लग्न, हे घरी ठरलेलंच होतं. ती पुण्याला गेली तर या निबंधावर जाणार, नाहीतर वस्तीवरून कुठंच जाणार नव्हती. हे मला माहीत होतं. मी ते आत्ता सांगते आहे कारण पुढं मी जे केलं ते हे माहीत असताना केलं.

तिनं विचारलं होतं की इंग्रजीत 'वनथ' असा शब्द का नाही. फोर्थ फोरवरून आला, सिक्स्थ सिक्सवरून, टेन्थ टेनवरून. मग फर्स्टमध्ये वन कुठं आहे? सेकंडमध्ये टू कुठं आहे? आणि मग तिनं एकेकाची चौकशी लावली होती. फर्स्टचा वनशी काही संबंध नाही; त्याचा जुना अर्थ सगळ्यात पुढचा. सेकंड तर मूळचा इंग्रजीतलाच नाही, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला, आणि त्याचा अर्थ पाठोपाठ येणारा. तो येण्याआधी इंग्रज लोक त्या जागी 'अदर' म्हणायचे, आपण दुसरा म्हणतो तसंच. थर्डपासून पुढं आकडे दिसू लागतात. थर्डसुद्धा आधी थ्रिड होता, बोलता बोलता अक्षरं इकडची तिकडं झाली. घड्याळातला सेकंदही त्यातलाच: तासाचे पहिल्यांदा तुकडे केले ती मिनिटं, दुसऱ्यांदा केले ते सेकंद.

सोळा वर्षं मी फर्स्ट, सेकंड, थर्ड पोरांकडून घोकून घेतेय. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. खरं सांगायचं तर तिथंच माझं डोकं फिरलं. जे मला माहीत नाही ते या पोरीला कुठून माहीत?

आणि शेवटचा परिच्छेद तर कहर होता. "माझे आजोबाही एक म्हणत नाहीत," असं तिनं इंग्रजीत लिहिलं होतं. "त्यांच्या मोजणीत दोन आहे, तीन आहे, पण एक नाही. कदाचित इंग्रज लोकांनाही एकची भीती वाटत असेल." याचा अर्थ काय? एक नाही आणि दोन आहे? मोबाईलला काहीतरी विचारलं की तो असलंच गोलगोल, ऐकायला बरं आणि आत पोकळ लिहून देतो, हे आता मला पाठ झालंय. मी त्या तीन ओळींभोवती लाल पेनानं गोल काढला.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं.

"कुणी लिहून दिलं?"

"कुनी न्हाई मॅडम. म्याच लिव्हलं."

"हे लॅटिन वगैरे कुठून आलं?"

"कपाटातल्या मोठ्या डिक्शनरीतनं. शब्दाम्होरं कंसात बारीक लिव्हलेलं असतंय."

"बरं. आणि हे आजोबांचं? आजोबा एक म्हणत नाहीत, मग काय म्हणतात?"

तिनं दाराकडं बघितलं. मी पुन्हा विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "ते हितं न्हाई सांगता येत."

"का?"

"न्हाई सांगायचं असं."

सांगता येत नाही म्हणजे माहीत नाही. माहीत नाही म्हणजे लिहिलं दुसऱ्यानं. माझा हिशेब झाला. मी म्हणाले, "मग मलाही सही करता येणार नाही."

तिनं मान वर केली. "शेफालीला पन असं इचारलं का मॅडम?"

"शेफालीचा इथं काय संबंध?" मी आवाज चढवला. ती गेली, आणि उद्धट झाल्यात पोरी, असं म्हणून मी डबा उघडला.

पण संशयाचंही एक असतं, तो पोसावा लागतो. मी आमच्या शिपायाला, हनुमंतला, गाठलं. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडं असते.

"ती मोठी डिक्शनरी कुणी नेली होती का?"

"नेत्यात कशाला? वजनाला केवढी हाय ती. परांजल बसती की वाचत. दिवाळीपासनं रोज मधल्या सुट्टीत कपाटाम्होरं फतकल मारून बसती."

"मला कसं दिसलं नाही?"

"तुमी डबा खात असता."

दुसऱ्या कुणाला एवढं पुरलं असतं. मी मात्र ऑफिसात जाऊन रजिस्टरांत दोघांची गावं बघितली. हनुमंत त्याच डोंगराखालचा. म्हणजे सांभाळून घेतोय, असं मी मनात लिहून टाकलं. त्या दोन दिवसांत मी त्या पोरीच्या सगळ्या जुन्या वह्या काढल्या, अक्षर जुळवलं, चुका जुळवल्या. निबंधात चुका होत्या आणि त्या तिच्याच होत्या. तर माझं म्हणणं असं की मुद्दाम ठेवल्या असतील. एवढ्या चिकाटीनं मी बी.एड.चासुद्धा अभ्यास केला नव्हता.

शुक्रवारी शाळा सुटून तासभर झाल्यावर मी कागद पिशवीत घातला आणि वस्तीवर निघाले. आजोबांनाच विचारायचं आणि एक घाव दोन तुकडे करून टाकायचे. मुलीला आधी कळू द्यायचं नाही, म्हणजे घरच्यांना पढवून ठेवायला वेळ मिळणार नाही. मी किती हुशार आहे असं मला रस्ताभर वाटत होतं. स्कूटी खालच्या पाराजवळ लावली आणि पायवाटेनं चढायला लागले. वर पोचेपर्यंत हुशारी बरीचशी घामावाटे निघून गेली होती.

पाच-सहा घरं. पहिल्याच घराच्या अंगणात एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. अंगात बंडी, डोक्याला फेटा, आणि नजर अशी की मी चोरी करायलाच आले आहे. हेच गेनबा, प्रांजलचे आजोबा. बाजूला काटेरी फांद्यांनी घेरलेलं शेळ्यांचं वाडगं होतं, अजून रिकामं.

"कोन पायजे?"

"मी शाळेतली. प्रांजलच्या मॅडम."

त्यांनी माझ्या पिशवीकडं बघितलं. "कागद घिऊन आलाय?"

"हो. म्हणजे, तिचाच आहे."

"मागं बी आल्ते एकजन, कागद घिऊन. बंगले बांधायला जागा बघत हुते. त्याच्या आदी फारेष्टवाले. समद्यांच्या पिशवीत कागदच असत्यात."

मी हसून विषय काढायचा प्रयत्न केला. "शेळ्या किती आहेत आबा तुमच्याकडं?"

हे मी विचारायला नको होतं. म्हाताऱ्याचा चेहरा दारासारखा बंद झाला.

"हायेत."

"म्हणजे किती?"

"दिसत्यात तेवड्या."

एकही शेळी तिथं नव्हती. मी घसा साफ केला. "तुम्ही त्या मोजता कशा, ते मला बघायचं होतं."

"कशापायी?"

"निबंधासाठी."

"शेरडं माजी, मोजनार म्या, आन् निबंद तुमचा?" ते दोन पावलं पुढं आले. "बाई, खरं सांगा. तुमाला कुनी धाडलंय?"

सोळा वर्षं मी पोरांना हाच प्रश्न या ना त्या शब्दांत विचारत आले. समोरून विचारल्यावर कसं वाटतं ते त्या दिवशी कळलं. खरं बोलत असूनही माझी जीभ अडखळली, आणि अडखळली म्हणून त्यांना खात्रीच पटली.

तेवढ्यात वरच्या बाजूनं घंटेचा आवाज आला. शेळ्यांचा कळप उतरत होता आणि मागं प्रांजल. शाळेचाच गणवेश, वर ओढणी कमरेला बांधलेली. दप्तर ठेवून ती तशीच कळपाकडं गेली असावी. मला बघून ती जागच्या जागी थांबली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी का आले आहे हे तिला लगेच कळलं होतं आणि ते तिला आवडलं नव्हतं.

"आबा, ह्या मॅडम हायेत. खऱ्याच हायेत."

"मोजनी बघायची म्हंत्यात."

"म्हाईत हाय मला."

"भाईरच्याम्होरं मोजत न्हाईत आपन. नजर लागती. गेल्या साली शेरडांच्या डाक्टरला आकडा सांगितला आन् आठ दिसांत चार करडं गेली."

प्रांजल माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आबा, न्हाई मोजलं तर माजा कागद जात न्हाई. उद्याचाच दिस हाय."

म्हाताऱ्याला कागदाचं सगळं कळलं असेल असं नाही. पण नातीच्या आवाजातलं कळलं. ते बराच वेळ काठीनं माती उकरत राहिले. शेळ्या वाडग्याच्या तोंडाशी दाटल्या होत्या, एकमेकींच्या अंगावर चढत होत्या.

"तिकडं तोंड करा," ते मला म्हणाले.

"काय?"

"बघायचं न्हाई. ऐकायचं तर ऐका. त्या कुडाकडं तोंड करून हुबं ऱ्हावा, आन् मागं वळायचं न्हाई."

मी, वर्षाराणी मॅडम, शेणानं सारवलेल्या कुडाच्या भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. भिंत नाकापासून वीतभर. पुष्कळ पोरांना मी असं उभं केलंय. मागं काटेरी फांदी बाजूला ओढल्याचा आवाज झाला, घंटा वाजली, खुरं वाजली, आणि मग सगळं क्षणभर थांबलं. आबांनी पहिल्या शेळीच्या पाठीवर हात ठेवला असावा.

"लाभ," ते म्हणाले. देवापुढं बोलतात तशा हलक्या आवाजात.

मग भराभर: "दोन. तीन. चार. पाच..." दहाच्या पुढं आवाज बारीक होत गेला, आणि शेवटी नुसती खुरं ऐकू येत राहिली. आकडा त्यांनी मला मिळू दिला नाही तो नाहीच.

आमच्या घरी धान्य मोजताना आजी पहिल्या मापाला लाभच म्हणायची. मी लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. निबंध वाचताना ते मला आठवलं नाही. मोबाईलच आठवला.

"वळा आता," आबा म्हणाले. वाडग्याचं तोंड बंद झालं होतं. "एक म्हनलं की एकच ऱ्हातंय, बाई. म्हनून म्हनत न्हाईत."

"मग हे तू शाळेत का नाही सांगितलंस?" मी प्रांजलला विचारलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"त्यो शब्द उगा घ्यायचा नसतोय मॅडम. म्होरं जित्राब असंल न्हाईतर धान्य असंल तवाच. टेबलाम्होरं हुबं राहून कसा घ्यायचा?" ती थांबली. "आन् तुमी इचारत नव्हता. तुमी पकडत हुता."

आबा तिला म्हणाले, "मॅडमला आसं बोलू ने." पण फार जोरात म्हणाले नाहीत.

मग तिनं सांगितलं की दिवाळीत कळप मोजताना तिच्या डोक्यात आलं, आपण एक म्हणत नाही, इंग्रजीतही फर्स्टला वन नाही. तेही भीत असतील का? म्हणून ती कपाटातली डिक्शनरी काढून बसली. भीतीचं त्यात काही लिहिलेलं नव्हतं, तेव्हा तिनं 'कदाचित' लिहिलं. तो 'कदाचित' मी वाचलासुद्धा नव्हता. मी नुसता गोल काढला होता.

मला लाज वाटली. ती कुठून कुठवर वाटली तेही सांगते. शेफालीच्या कागदावर मी सोमवारीच सही केली होती, वऱ्हांड्यातून चालता चालता, तिच्याच पाठीवर वही ठेवून. आई किती सोसते असं लिहिलेला तो निबंध पाच वर्षांपूर्वीच्या गाइडात तसाच्या तसा असू शकेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. तिच्या घरी जावंसं वाटलं नाही. रजिस्टरात तिचं गाव बघितलं नाही. पुण्यातल्या त्या चहाचं निमित्त मी दोन वर्षं पुढं करत होते, पण त्या मुलाच्या चोरीचा डाग मला शेफालीच्या सोडून प्रांजलच्याच कागदावर का दिसला, याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. ते मोठ्यानं म्हणायची हिंमत नव्हती.

मी ओट्यावर बसले, पिशवीतून कागद काढला, मांडीवर ठेवला आणि खात्री करून घेतली आहे या ओळीखाली सही केली. पुढं अभिप्रायाची रिकामी जागा होती. तिथं लिहिलं की एवढा स्वतःचा निबंध मी सोळा वर्षांत वाचलेला नाही. लिहिताना वाटत होतं की आता ही पोर हसेल, निदान आबा तरी म्हणतील, बाई, चहा घ्या.

प्रांजल घरात गेली आणि आईचा मोबाईल घेऊन आली. काच कोपऱ्यात तडकलेली.

"मॅडम, कागद जरा नीट धरता का?"

"कशाला गं?"

"फोटू काढते. सहीचा."

"अगं, मी उद्या चढवणारच आहे सगळं."

"व्हय. पन उद्या तुमी म्हनला, सही केलीच न्हवती, तर?"

ती हे रागानं म्हणाली नाही. गृहपाठ कुठला आहे असं विचारावं तसं म्हणाली. बुधवारपर्यंत ही मुलगी अशी नव्हती. बुधवारी तिनं मला सरळ सांगितलं होतं, म्याच लिव्हलं, आणि तेवढं पुरेल असं तिला वाटलं होतं.

मी कागद दोन्ही हातांनी छातीसमोर धरला. तिनं फोटो काढला, बघितला, "हाललाय," म्हणाली आणि पुन्हा काढला. मग दोन बोटांनी तो मोठा करून अक्षर न् अक्षर तपासत राहिली. आबाही तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते, वाचता येत नसताना.

"मॅडम, तारीख ऱ्हायलीय."

मी तारीख घातली. तिनं आणखी एक फोटो काढला.

"उद्या चढवलं की त्याचा बी फोटू टाका, ह्याच नंबरवर," ती म्हणाली, आणि मी होकार दिला तरी मोबाईल तसाच पुढं धरून उभी राहिली, मी नंबर माझ्या फोनमध्ये घालून तिला दाखवेपर्यंत.